खेचराच्या वाटेचं गाणं

नॅशव्हिल,
४ मार्च १९५६

प्रिय कॉयदादा,

स. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. गिटार वाजवून बोटं सुजलीत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझं तरी कुठे मोत्यासारखं आहे!

काल रेकॉर्डिंग झालं. मी नेहमीसारखी तीन रडकी गाणी घेऊन गेले होते. पहिल्यात नवरा सोडून जातो, दुसऱ्यात मरतो आणि तिसऱ्यात दोन्ही करतो. कंपनीच्या मालकांनी ती ऐकली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, अहो बाई, पोरं हॉटेलातल्या गाण्याच्या पेटीत नाणं टाकतात ती नाचायला, रुमाल भिजवायला नाही. चौथं गाणं तरी जरा उडतं द्या. आता उडतं गाणं मी आणू कुठून? स्टुडिओची वेळ संपत आली होती आणि वादक घड्याळाकडे बघत होते.

अशा वेळी मला आठवलं कोण, तर बाबांचं खेचर! डीकन कसा पाठीवर रिकाम्या बरण्या घेऊन एकटाच आपल्या चोरट्या दारूच्या भट्टीवर जातो आणि भरलेल्या घेऊन एकटाच परत येतो, हे मी वादकांना गंमत म्हणून सांगितलं. ते पोट धरून हसले. बासवाल्याने हसता हसता तारा ओढून सोडायला आणि लाकडावर थापा मारायला सुरुवात केली, पियानोवाल्याचा डावा हात बूगीच्या नाचऱ्या ठेक्यात घुसला आणि मी उभ्या उभ्या कडवी जुळवत गेले. खेचर जुळ्या सायकामोर झाडांपाशी ओढा ओलांडतं, बाप्टिस्टांच्या स्मशानापाशी मान खाली घालून चालतं, पडक्या पाणचक्कीला डावीकडे वळतं आणि आंबवणाचा वास आला की नाचायला लागतं. घरी मात्र शुद्धीत परततं, जे आपल्या काकांना आजवर जमलेलं नाही. नाव बदललंय हं. डीकन नाही, कर्नल.

गाण्यात ढोलसुद्धा आहे, आणि आईच्या लेखी ढोल म्हणजे सैतानाचं वाद्य. हे आईला कळू देऊ नकोस, नाहीतर चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणून ती मला घरात घेणार नाही. बाबांना सांग, त्यांचं खेचर आता माझ्याहून मोठं गवई होणार.

वहिनीला नमस्कार आणि तुझ्या पर्लीला पापा. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर कळव.

तुझी,
झेल्मा

सॉरेल फोर्क,
२२ एप्रिल १९५६

चि. झेल्मास अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. पोस्टातल्या बाईंना पाकीट न फोडता वाचता येतं. लाकडाचा ट्रक घेऊन ह्यूलेट तुमच्याकडे येतोय, त्याच्या हाती देतो. वाचून चुलीत टाक.

तुझं गाणं रेडिओवर लागलं तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो, अर्धी दाढी झालेली. पहिलं कडवं होईपर्यंत मीही पाय हलवत होतो. बहिणीचा आवाज आहे, म्हटलं. मग जुळी सायकामोर आली. मग स्मशान आलं. पाणचक्कीचं वळण आलं तोवर दुकानातलं हसू थांबलं होतं, सगळे माझ्याकडे बघत होते आणि न्हाव्याचा वस्तरा माझ्या गळ्यावर तसाच थांबला होता. शेजारच्या खुर्चीत शेरीफचा माणूस होता. गाणं संपल्यावर त्याने ते शीळ घालत वाजवलं, अगदी सुरात.

बाई गं, नाव बदललंस आणि वाट तशीच ठेवलीस? खेचराला कर्नल म्हण नाहीतर बिशप म्हण. अबकारीवाल्यांना खेचर नकोच आहे, त्यांना वाट हवी आहे, आणि ती तू चालीवर बसवून दिलीस. आता शाळेतली पोरंसुद्धा न चुकता म्हणून दाखवतात.

पण मी लिहितोय ते अबकारीवाल्यांच्या भीतीने नाही. अर्धी भट्टी एस्टिल क्राउडरची आहे, हे तुला माहीत आहे. तो मंगळवारी आला. ओसरीवर बसला, आईने केलेला सफरचंदाचा केक दोनदा मागून खाल्ला, आणि म्हणाला, गाणं गोड आहे. पूर्वी माणसं चुगली करायची तर अंधारात जाऊन करायची, आता पियानो लावून करतात. एवढं बोलून त्याने पर्लीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेला. तेव्हापासून पर्लीची आई तिला अंगणात सोडत नाही.

प्रुइटचं काय झालं ते विसरलीस का? त्याने चुगली केली असं ठरलं, त्याचा गोठा जळला, आणि मग तो स्वतःच विहिरीत सापडला. पुढे कळलं की चुगली करणारा दुसराच होता. पण तोवर प्रुइटच्या थडग्यावर गवत उगवलं होतं.

बाबा कुणाशी बोलत नाहीत. मला भीती वाटते, झेल्मा. मी तुझा मोठा भाऊ, हे तुला लिहायला मला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही, एवढा घाबरलोय. काही करून ते गाणं बंद कर.

रागावलो असलो तरी तुझाच,
कॉय

नॅशव्हिल,
२७ एप्रिल १९५६

प्रिय कॉयदादा,

स. न. वि. वि. ह्यूलेट समोर बसून जेवत होता आणि मी तुझं पत्र वाचत होते. त्याने विचारलं की घरी कुणी गेलं का. माझा चेहराच तसा झाला होता.

लगेच मालकांकडे गेले. खरं कारण सांगता येईना, म्हणून म्हटलं की गाणं मला आवडत नाही, रेकॉर्ड मागे घ्या. ते हसायलाच लागले. म्हणाले, तुम्हाला आवडत नाही, पण अर्ध्या टेनेसीला आवडतंय. तीन रडक्या गाण्यांनी जे झालं नाही ते एका खेचराने केलं. आणि मला हाताला धरून दाखवलं, खोकीच्या खोकी बाहेर चालली होती.

पुढचं ऐक. शनिवारच्या रेडिओच्या कार्यक्रमानंतर एक गृहस्थ भेटायला आले. टोपी हातात, बोलणं लोण्यासारखं. आपलं बालपण डोंगरात गेलं असं म्हणाले, आणि विचारलं की तुमच्या गाण्यातला ओढा नेमका कोणता. मी सांगितलं, सगळं मनचं आहे, मी खेचर फक्त जत्रेत पाहिलंय. त्यांनी मान डोलावली आणि फोटोवर सही मागितली. सही करताना मी माझ्याच नावातलं एक अक्षर गाळलं. त्यांनी ती चुकलेली सही नीट बघून घेतली, दादा.

भट्टी हलवा. आजच हलवा. बाबांना माझी शपथ घाल. मी हे गंमत म्हणून केलं होतं रे, मला काय ठाऊक असं अंगाशी येईल!

मला रागाव, पण ह्यूलेटच्या हाती पत्र पाठवायचं थांबवू नकोस.

तुझी,
झेल्मा

सॉरेल फोर्क,
६ मे १९५६

चि. झेल्मास आईचे आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. पण कॉय आता घरी नसतो, म्हणून मीच बसले आहे.

भट्टी हलवायची नाही, असं क्राउडरने ठरवलं. गाणं आल्याबरोबर भट्टी हलली तर गाणं खरं होतं हे आपणच सांगितल्यासारखं होईल, असं त्याचं म्हणणं, आणि तुझ्या बाबांनाही ते पटलं. त्याने दुसरंही एक ठरवलं. ज्या घरातून गाणं बाहेर गेलं त्या घराचा एक माणूस दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत भट्टीपाशी बसणार. धाड आलीच तर सापडायचं ते त्या घराच्या माणसाने. धाड आली नाही, तर तुझ्यावर विश्वास ठेवू. तुझे बाबा म्हणाले, मी बसतो. क्राउडर म्हणाला, म्हातारा नको, पोरगा हवा.

कॉय बसतोय. एकदा आत जाऊन आलाय, आणि तेव्हा न्यायाधीशांनी काय बजावलं होतं ते तुलाही ठाऊक आहे. पुन्हा सापडला तर पर्लीचं लग्न होईपर्यंत तो घरी दिसायचा नाही. मी दुपारी मक्याची भाकरी आणि घेवडा नेऊन देते. तो जेवत नाही, कानोसा घेत बसतो. झाडावरून खार उतरली तरी उठून उभा राहतो.

गाण्यात ढोल आहे हे मला कळलं. त्याचं नंतर बघू.

देवाची आठवण ठेव, आणि घराचीही.

तुझी आई

नॅशव्हिल,
१३ मे १९५६

ती. आईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचल्यापासून मी दुसरा विचारच केला नाही. एक उपाय सुचलाय आणि तो आमच्या धंद्यातलाच आहे. कॉयदादाला भट्टीवर भाकरी नेशील तेव्हा वाचून दाखव.

आमच्यात अशी रीत आहे की एक गाणं चाललं की त्याला जबाब निघतो. बाईने नवऱ्याला शिव्या दिल्या की महिनाभरात कुणीतरी नवऱ्याच्या बाजूने रेकॉर्ड काढतोच. तर मी इथल्या गाणाऱ्यांना चिथावतेय. केंटकीच्या गड्याला म्हटलं, तुमच्याकडे असं हुशार खेचर कुठलं! तो असा पेटला की दुसऱ्या दिवशी त्याचं गाणं तयार: टेनेसीचं खेचर म्हणजे गाढव, खरं खेचर आमच्या ओढ्यावरचं. जॉर्जियाची एक बाई आहे, तिनेही मनावर घेतलंय. आणि मी स्वतः दर शनिवारी रेडिओवर माझंच गाणं नव्या वाटेने गाणार. एकदा जळकं जुनं चर्च आणि कठडा पडलेला दगडी पूल, एकदा गंधकाचा झरा, जे तोंडाला येईल ते. शंभर ओढ्यांना शंभर खेचरं झाली की आपलं कुणाला सापडणार?

मालक तर खूश आहेत. हसतेस ना? निदान मनात तरी हस.

दादाला सांग, थोडे दिवस जीव मुठीत धरून बस. तुम्हा सगळ्यांच्या पाया पडते.

तुझी,
झेल्मा

सॉरेल फोर्क,
१० जून १९५६

चि. झेल्मास अनेक आशीर्वाद.

मी घरून लिहितोय! क्राउडरने काल मला उठवलं. म्हणाला, जा बाबा, पोरीशी खेळ.

तुझी युक्ती लागू पडली. न्हाव्याच्या दुकानात आता भांडणं होतात. एक म्हणतो, वाट आपल्या ओढ्यावरची. दुसरा म्हणतो, छे, माझ्या साडूने केंटकीतलं ते खेचर डोळ्यांनी पाहिलंय. शेरीफचा माणूस जॉर्जियाच्या बाईचं गाणं शिळेवर घेतो, आणि तिची चाल तुझ्याहून बरी आहे असं त्याचं मत. अबकारीची एक मोटार आमच्या रस्त्याने आली होती, ती न थांबता पुढे गेली. बाबा जेवताना चक्क बोलले. मीठ मागितलं, पण बोलले.

अजून पान वाजलं की दचकतो. ते जाईल हळूहळू. आईने ढोलाचा विषय काढलाय, म्हणजे घर पूर्ववत झालं असं समज.

खूप माया,
कॉय

बकहॉर्न रन, केंटकी,
२४ जून १९५६

मिस झेल्मा ट्रेडवे यांस नमस्कार वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. माझं नाव आयडेला स्ट्राउड. तुमचा पत्ता रेडिओवाल्यांकडून मागून घेतला.

तुम्ही मागे एका शनिवारी जळकं जुनं चर्च आणि कठडा पडलेला पूल गायलात. ते जुनं चर्च आमचं आहे आणि तो पूलही. पुढे तळ्यामागे जे आहे म्हणालात, तेही होतं. अबकारीची माणसं गेल्या आठवड्यात तिथे थेट चालत आली, कुणाला काही न विचारता. आमचे काका आणि त्यांचे दोन मुलगे नेले.

माझा भाऊ लॉन्झो त्या दिवशी दात काढायला गेला होता, म्हणून वाचला. आणि वाचला हाच त्याचा गुन्हा झाला. शिवाय वसंतात तो तुमचा कार्यक्रम ऐकायला नॅशव्हिलला आला होता, रांगेत उभा राहून त्याने तुमची सही घेतली होती. तुमचा फोटो त्याच्या खाटेवर टांगलेला होता. त्यावर तुमच्या हाताने लिहिलंय, लॉन्झोला खूप प्रेमाने. आमच्या बाकीच्या चुलतभावांनी तो फोटो उतरवून नेला आणि सगळ्या माणसांना दाखवला. आता ओढ्यावर सगळ्यांचं ठरलंय की वाट त्यानेच तुम्हाला सांगितली.

तो म्हणतो, मी त्यांना फक्त छान गाता एवढंच म्हणालो. माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण माझ्या विश्वासाला इथे कोण विचारतो? आमच्या कुत्र्याला रविवारी कुणीतरी मारून दारात ठेवलं. लॉन्झो माळ्यावर लपून असतो.

मी राग म्हणून लिहीत नाही. एवढंच सांगा, तुम्हाला कुणी सांगितलं? नाव कळलं तर माझा भाऊ वाचेल.

उत्तराची वाट पाहणारी,
आयडेला स्ट्राउड

नॅशव्हिल,
२८ जून १९५६

ती. आई-बाबांस व कॉयदादास,

सा. न. वि. वि. सोबतचं पत्र आधी वाचा. मी ते इतक्यांदा वाचलंय की आता डोळे मिटले तरी दिसतं.

मला कुणीही काही सांगितलं नव्हतं. चर्च माझ्या मनातलं, पूल माझ्या मनातला. पण डोंगरात कुठल्या ओढ्यावर पडका पूल नाही? कुठल्या तळ्यामागे भट्टी नाही? मी बाण मारला आभाळात आणि तो लागला त्या पोराला. त्याचा चेहरासुद्धा मला आठवत नाही. प्रत्येक फोटोवर मी खूप प्रेमानेच लिहिते हो, दुसरं काही लिहायला मला कुणी शिकवलंच नाही.

आयडेलाला काय उत्तर देऊ? मनचं गायले म्हटलं, तर ते विचारणार की दर शनिवारी वाट बदलत का होतीस. त्याचं एकच खरं उत्तर आहे: पहिली वाट आमच्या घरची होती आणि ती झाकायला मी बाकीच्या रचल्या. हे सांगितलं की लॉन्झो सुटतो. पण हे केंटकीत सांगितलं तर आठवड्यात सॉरेल फोर्कला पोचेल, शेरीफपर्यंत पोचेल, आणि क्राउडरला कळेल की मी चारचौघांत बोलले. सांगितलं तर तुम्ही जाता, नाही सांगितलं तर तो.

टपालाने सांगून भागणार नाही. मला तिथे जाऊन उभं राहायला हवं, त्या चुलतभावांच्या समोर. आणि मला खूप भीती वाटते, आई. त्यांची वाटते, क्राउडरची वाटते, दादासाठी तर सगळ्यात जास्त वाटते. एकदा मी तुम्हाला न विचारता तोंड उघडलं होतं. या वेळी विचारतेय. नको म्हणालात तर जाणार नाही. ह्यूलेट परत येईल त्याच्याकडे निरोप द्या.

तुमची,
झेल्मा

सॉरेल फोर्क,
१ जुलै १९५६

चि. झेल्मास आईचे आशीर्वाद.

कॉयने तुझं आणि आयडेलाचं पत्र मोठ्याने वाचलं. तुझे बाबा चर्चचे कपडे घालून बसले होते. त्यांनी ऐकलं, कोट काढून खुंटीला लावला आणि कुऱ्हाड घेऊन ओढ्याकडे गेले. कॉय त्यांच्यामागून गेला. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

क्राउडर तिथेच होता. तुझ्या बाबांनी त्याला सांगितलं की प्रुइटच्या वेळी आपण सगळे गप्प बसलो, आता केंटकीत दुसरा प्रुइट होऊ द्यायचा नाही, त्यासाठी पोरगी खरं बोलणार आहे आणि तिने ते बोलण्याआधी इथे काही शिल्लक राहता कामा नये. मग त्यांनी तांब्याच्या भांड्यावर पहिला घाव घातला. क्राउडरची बंदूक त्याच्या गुडघ्यावर होती. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. भांडं फुटेपर्यंत तो बसून होता. मग उठला आणि घरी गेला. त्याच्या मनात काय आहे ते आम्हाला कळलेलं नाही. पर्ली आणि तिची आई आज माझ्या खोलीत आहेत, आणि तुझे बाबा दाराशी खुर्ची टाकून बसले आहेत.

कॉय बसने येतोय, हे पत्र घेऊन ह्यूलेटचा ट्रक त्याच्या आधी पोचेल. तो येईपर्यंत नॅशव्हिलच्या बसस्टॉपवरून हलू नकोस. त्या ओढ्यावर एकटीने पाऊल टाकायचं नाही. आधी आयडेलाच्या घरी जा, मुलाला माळ्यावरून खाली घ्या आणि त्याला तुमच्या दोघांच्या मध्ये घेऊन, सगळा ओढा जमतो त्या चर्चमध्ये जा. अर्धंमुर्धं सांगू नकोस, त्याने कुणाचाच जीव वाचायचा नाही. खेचर कुणाचं, भट्टी कुणाची, तुझ्या बापाचं नाव काय, माझं काय, सगळं सांग. क्राउडरचं नाव घेऊ नकोस. ते त्याचं त्याने सांगायचं.

मी इथे घाबरलेली आहे, तिथे तू घाबरशील. आवाज कापेल तो कापू दे. रेकॉर्डवर तो जराही कापत नाही, म्हणून तर सगळ्यांना ते खरं वाटलं. भीत भीत सांगितलंस तरी चालेल बाळा, पण शेवटच्या बाकावर बसलेल्यालाही ऐकू जाईल असं सांग.

तुझी आई